आटलेली आमटी आणि सांडलेलं तेल

पावसाळ्यात आम्ही उंबरगावच्या किनाऱ्यावर गेलो होतो. बडोद्याला परत येऊन पाहतो तर चपलांच्या तळांना समुद्रात सांडलेल्या तेलाचे काळे, चिकट गोळे लागलेले. रॉकेल आता कुणाच्या घरात असतं? गोडेतेल आणि वर्तमानपत्राचे बोळे घेऊन गॅलरीत तासभर खरवडत बसलो. सुपारीएवढा एक गोळा मात्र बाजूला ठेवला आणि नंतर जुन्या सुरीने मधोमध कापला. वरून टणक, वाळूचे कण रुतलेला, रस्त्यावरच्या डांबरासारखा. आत मऊ आणि चकचकीत, आणि वास थेट पेट्रोल पंपावरचा.

आत्या आतून म्हणाली, "समुद्र पोटात काही ठेवत नाही बाबा, सगळं आणून टाकतो बाहेर."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. गंमत म्हणजे तेलगळतीच्या बातम्याही याच श्रद्धेवर चालतात. पहिल्या आठवड्यात तवंग, माखलेले पक्षी, बादल्यांनी तेल उपसणारी माणसं (२०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला खरंच बादल्या वापरल्या होत्या). महिन्याभरात 'किनारा स्वच्छ', आणि विषय संपला. नुकसान किती झालं, हे ठरवायची खरी कटकट तिथून पुढे सुरू होते.

सुरुवातीचे दिवस सोपे असतात. बेंझिन, टोल्यूइनसारखे हलके घटक उडून जातात. उरलेल्या तेलात लाटा पाणी घुसळतात आणि तपकिरी, लोण्यासारखा लगदा तयार होतो. काही तेल तळाशी बसतं, काही किनाऱ्याला लागतं. जिवाणू कामाला लागतात. मोजलं तर तेल भराभर कमी होताना दिसतं, आणि इथेच हिशेब चुकतो.

२४ मार्च १९८९ ला अलास्कात 'एक्झॉन व्हाल्डेझ' हे जहाज खडकावर चढलं आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल सांडलं. पहिल्या तीनेक वर्षांत किनाऱ्यावरचं तेल वर्षाला साधारण ६८ टक्क्यांनी घटत होतं. हा वेग कायम धरून कागदावर गणित करा: १ लाख लिटरमधलं दहा वर्षांनी जेमतेम १ लिटर उरायला हवं. २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी ९१ ठिकाणी जवळजवळ ९००० खड्डे खणले. निम्म्याहून जास्त ठिकाणी तेल निघालं. त्यानंतर घटीचा वेग भरला वर्षाला फक्त ४ टक्के. या वेगाने उरलेलं तेल निम्मं व्हायलाच १७ वर्षं लागतात.

मग हे खड्ड्यातलं तेल कितपत खाल्लं गेलंय, हे ओळखायचं कसं? त्या जागी सुरुवातीला किती तेल आलं होतं, कुणी लिहून ठेवलेलं नसतं. इथे जी युक्ती वापरतात, तिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतलाय, हे कबूल करतो.

आमटी गॅसवर राहून गेली की खारट होते. पाणी उडतं, मीठ उडत नाही. खारटपणा चौपट झाला असेल तर पाऊण आमटी आटली, हे पातेल्यात आधी किती होती ते न पाहताही सांगता येतं. कच्च्या तेलात असं 'मीठ' असतं. त्याचं नाव होपेन. ३० कार्बन अणू, एकमेकांना चिकटलेल्या पाच कड्या, असा तो दणकट रेणू. जिवाणूंना तेलातल्या सरळ साखळ्या आधी आवडतात. त्या संपल्या की फांद्या फुटलेल्या साखळ्या, मग दोन-तीन कड्यांचे रेणू. होपेन पानात शेवटपर्यंत तसंच पडून राहतं. आणि होपेन मुळात येतं कुठून? कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवाणूंच्या पेशींच्या आवरणांतून! आजचे जिवाणू बाकीचं बरंचसं तेल फस्त करतात आणि पूर्वजांची हाडं तेवढी ताटात ठेवतात.

म्हणजे जहाजातल्या ताज्या तेलात ग्रॅममागे होपेन किती, आणि खड्ड्यातल्या तेलात किती, एवढं मोजायचं. चौपट निघालं, तर पाऊण भाग गेला. आता बारकावा पाहा. आमटी आटली नसेल, कुणी दोन वाट्या वाढून नेली असेल, तर उरलेलीचा खारटपणा बदलत नाही. तसंच लाटेने तेल धुऊन नेलं तर होपेनही सोबत जातं आणि प्रमाण जसंच्या तसं राहतं. म्हणून या मोजणीतून फक्त उडालेलं, विरघळलेलं आणि पचलेलं तेल कळतं. नुसतं दुसरीकडे गेलेलं कळत नाही. माझ्या मते हीच तिची खरी किंमत. दुसरीकडे गेलेलं तेल संपलेलं नसतं, ते दुसऱ्या कुणाच्या तरी किनाऱ्यावर असतं. (होपेनही उन्हात आणि फार दीर्घ काळात थोडं झिजतं. तेव्हा गेलेल्या तेलाचा अंदाज कमी निघतो. सतरा कार्बनी सरळ साखळी आणि प्रिस्टेन ही फांद्या फुटलेली साखळी यांचं गुणोत्तर काढून पचनाची सुरुवात ताडतात, पण ते प्रिस्टेनही पुढे पचतं. असो, इथे बरेच वाचक गळतात, हे मला माहीत आहे.)

अलास्कातल्या काही खड्ड्यांतलं तेल सोळा वर्षांनीही फारसं बदललेलं नव्हतं. जिवाणू नव्हते म्हणून का? जिवाणू होते; हवा नव्हती. किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांच्या वरच्या थरातून भरती-ओहोटीचं पाणी खेळतं, खालच्या घट्ट थरात ते पोचत नाही. पाणी नाही तर ऑक्सिजन नाही, नायट्रोजन-फॉस्फरस नाही. माझ्या सुपारीएवढ्या गोळ्यात नेमकं हेच दिसत होतं. सालीने आतल्याला सांभाळलं होतं.

म्हणून 'तेल खाणाऱ्या जिवाणूंची पावडर टाका, समुद्र साफ' असे फॉरवर्ड आले की मला हसू येतं. शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्ती यांच्या तेल खाणाऱ्या जिवाणूचं पेटंट १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गाजलं, ते रास्तच. पण उघड्या समुद्रातली गळती त्या जिवाणूने साफ केलेली नाही. अलास्कात किनाऱ्यांवर चक्क खत फवारलं होतं, कारण जेवणारे हजर होते, नायट्रोजन-फॉस्फरसचा मसाला कमी पडत होता.

दबलेल्या तेलाने कुणाचं काय बिघडतं, हे सजीवांनाच विचारावं लागतं. शिंपल्या शोधायला वाळू उकरणारी समुद्री पाणमांजरं अलास्कात पूर्वीच्या संख्येवर यायला सुमारे पंचवीस वर्षं लागली. अमेरिकेतच वेस्ट फालमाउथजवळ १९६९ मध्ये एका बार्जमधून डिझेलसारखं तेल खाडीतल्या दलदलीत गेलं. तीसेक वर्षांनी चिखलाच्या काही सेंटिमीटर खाली ते सापडलं, आणि तिथले एक नांगी मोठी असलेले खेकडे बिळं उथळच खणताना दिसले. तेलाचा थर लागला की मागे फिरायचं!

बडोद्याला समुद्र नाही, पण रात्री गोरव्याच्या बाजूने कोयलीच्या रिफायनरीची ज्योत दिसते. तिथे येणारं परदेशी कच्चं तेल वाडीनारजवळ समुद्रात टँकरमधून उतरतं आणि पाइपलाइनने इथवर पोचतं. वाडीनारच्या शेजारीच नरारा आहे, कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन पोवळी बघता येतात. आसपास चेरची, म्हणजे आपल्या तिवरांची झाडी. तिचा बारीक, हवा न खेळणारा चिखल तेल दडवायला अलास्काच्या गोट्यांहूनही सरस. उद्या तिथे काही सांडलं, तर 'आधी काय होतं?' हा पहिला प्रश्न असेल. एका चौरस मीटरमध्ये खेकड्यांची बिळं किती, किती खोल, चिखलात जुन्या तेलाचं होपेन किती, हे आकडे गळतीनंतर गोळा करता येत नाहीत.

माझा गोळा मी काचेच्या बरणीत ठेवलाय, झाकण सैल. दर सहा महिन्यांनी एक चकती कापायची असं ठरवलंय. पहिली कापली तेव्हा साल नखाएवढीही वाढली नव्हती, आणि आत्याने वासामुळे बरणी गॅलरीत हलवली.