विसण, आसरा आणि बैकलचा तळ

दहावीला एक हमखास प्रश्न असायचा: थंड प्रदेशात तळं गोठलं तरी आतले मासे जिवंत कसे राहतात? उत्तर पाठ. पाण्याचं असंगत आचरण. ४ अंश सेल्सिअसला घनता सर्वांत जास्त. म्हणून ४ अंशाचं पाणी तळाशी, बर्फ वर, मासे खाली सुखात. शेजारी होपच्या उपकरणाची आकृती, दोन तापमापी, मधोमध गोठणमिश्रण. ज्यांनी बर्फ फक्त रसवंतीगृहात गोणपाटाखाली पाहिलाय, अशा आम्ही पुण्याच्या मुलांनीही हे गुण बिनदिक्कत खिशात घातले.

मध्यंतरी भाचीनं मोबाइलवर सैबेरियातल्या बैकल सरोवराचं रील दाखवलं. काचेसारखा बर्फ, त्यावर चालणारी माणसं, पायाखाली काळानिळा अंधार. “मामा, तळाशी किती थंड असेल रे?” मी सवयीनं म्हणालो, “चार अंश.” आणि चुकलो. बैकलच्या तळाचं पाणी सव्वातीन ते साडेतीन अंशांच्या आसपास असतं. शाळेच्या हिशेबानं ते ४ अंशाच्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणजे त्यानं वर यायला हवं. ते येत नाही. का येत नाही ते सांगतो, पण वाट आंघोळीच्या बादलीवरून जाते.

बंबाच्या काळात कढत पाणी आधी बादलीत यायचं आणि वरून विसण घातलं जायचं. गार पाणी जड, ते आपोआप खाली जातं आणि जाताजाता सगळं मिसळतं. आता उलट करून बघा. बादलीत आधी गार पाणी भरा आणि गीझरचं पाणी वरून हळूच सोडा. वर हात भाजतो, तळाशी बोटं गारठतात, आणि तांब्यानं ढवळल्याशिवाय दोघांची ओळख होत नाही. सरोवरांचं निम्मं शास्त्र इथेच आटोपतं. वरून तापलेलं पाणी थरांत बसतं, वरून गार झालेलं पाणी स्वतःला ढवळतं. सूर्य नेहमी वरूनच तापवतो, आणि उन्हातली निम्म्याहून अधिक उष्णता पहिल्या मीटरभरातच शोषली जाते. तांब्याचं काम वाऱ्याकडे.

कॉलेजात असताना आम्ही एप्रिलमध्ये पानशेतच्या बॅकवॉटरला पोहायला जायचो. (दरवर्षीच्या बुडण्याच्या बातम्या वाचून आता अंगावर काटा येतो. गाळ आणि अचानक लागणारी खोली पोहणाऱ्याला विचारून येत नाही.) छातीपर्यंत पाणी कोमट, आणि उभं राहून पाय खाली सोडले की पोटऱ्यांना एकदम गार वेढा. हळूहळू नाही, एका रेषेवर. काठावर म्हशी धुणारे एक आजोबा म्हणाले, “खाली आसरा हायती. पाय सोडू नगासा.” साती आसरांना शेंदूर लावलेले सात दगड आपल्याकडे कित्येक डोहांच्या काठी असतात. बैकलच्या काठचे बुर्यात लोकही सरोवराला पवित्र मानतात आणि ओलखोन बेटावरच्या खडकाला आदरानं वळसा घालतात. पाण्याची भीती बाळगायला माझी हरकत नाही. पण पोटरीला लागतो तो थर असतो, हात नसतो.

आता एक आकडा, जो मला फार आवडतो. ४ अंशाचं पाणी ५ अंशांवर नेलं, तर दर घनमीटरमागे त्याचं वजन जेमतेम ८ ग्रॅमनं घटतं. २९ चं ३० केलं, तर तीनशे ग्रॅमनं. एकाच अंशाचा फरक, पण परिणाम पस्तीसेक पट. म्हणून कॅनडात थर घट्ट बसायला वर-खाली बराच फरक लागतो, तर आपल्याकडे दोन-तीन अंशांत काम होतं. उन्हाळ्यात आपल्या खोल धरणांवर एक अदृश्य झाकण बसतं. वर प्रकाश, शेवाळ, ऑक्सिजन. खाली वरून पडणारा कचरा कुजतो, आणि कुजवणारे जिवाणू आहे तो ऑक्सिजन संपवतात. तो संपला की गाळातलं लोह, मँगनीज आणि फॉस्फरस पाण्यात सुटू लागतात, आणि नासक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो.

मग मे महिन्यात वळीव येतो. गार पाऊस, सोसाट्याचा वारा, आणि उथळ तळ्याचं झाकण एका संध्याकाळीत उडतं. खालचं ऑक्सिजन नसलेलं पाणी वर मिसळतं. पहाटेपर्यंत मासे पृष्ठभागावर तोंड उघडून गटांगळ्या खातात आणि सकाळी पांढऱ्या पोटांचा थर काठाला लागतो. दुपारी व्हॉट्सॅपवर फिरतं: तळ्यात कुणीतरी विष टाकलं. टाकलेलं असतंच, पण बाटलीतून नव्हे, वर्षभर नाल्यांतून. मैलापाणी आलं की कुजायला माल येतो, जलपर्णी माजते, आणि एरवी निभावून गेलं असतं ते ढवळणं जीवघेणं ठरतं. त्यावर उपाय म्हणून मधोमध रंगीत दिव्यांचं कारंजं बसवतात. ते वरचंच पाणी वर उडवतं आणि वरच पाडतं. फोटो मात्र छान येतात.

खोल पाण्याचं खरं ढवळणं हिवाळ्यात, विसणाच्या न्यायानं. रात्री वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली जातं, त्या जागी खालचं वर येतं. असं होत होत एक दिवस सगळं सरोवर एका तापमानाचं होतं, आणि तळाला वर्षाचा श्वास मिळतो. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचं सुपीरियर गोड्या पाण्याच्या सरोवरांत क्षेत्रफळानं पहिलं, ८२ हजार चौरस किलोमीटर. ते असा श्वास वर्षातून दोनदा घेतं: शरद ऋतूत ४ अंशांकडे उतरताना आणि वसंतात ४ अंशांकडे चढताना. होपचं उपकरण इथपर्यंत ठीक चालतं.

बैकलला मात्र ते पुरत नाही. पावसाळ्यात आपण पुणेकर हवेपेक्षा टीएमसीवर जास्त बोलतो, म्हणून त्याच मापात सांगतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तरी २९ टीएमसीच्या जरा वर. बैकल ८ लाख ३० हजारांच्या पुढे. जगाच्या पाठीवरच्या न गोठलेल्या गोड्या पाण्याचा पाचवा हिस्सा त्या एका भेगेत आहे. भेग म्हणतोय ती खरीच. जमीन दुभंगून अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी ते तयार झालं. खोली १६४२ मीटर. समुद्रसपाटीपासून मोजलेली १६४६ मीटरची कळसूबाई त्यात उभी केली, तर देवीचं देऊळ तेवढं कोरडं राहील.

एवढ्या खोलीवर दाब प्रचंड, आणि दाब ४ अंशांचा नियमच हलवतो. ४ अंशांखाली पाण्याचे रेणू बर्फासारखी ऐसपैस, पोकळ मांडणी करू लागतात, म्हणून पाणी फुगतं. दाबाखाली त्या ऐसपैसपणाला जागा मिळत नाही. फुगायला सुरुवात व्हायला आणखी थंडी लागते. दर शंभर मीटरला ‘सर्वांत जड’ पाण्याचं तापमान साधारण ०.२ अंशानं खाली सरकतं. ५०० मीटरवर ते ३ अंश, हजार मीटरवर २.

इथे जरा थांबून वाचा. समजा वर ३ अंशांचं पाणी आहे आणि त्याखाली खोलवर साडेतीनचं. पृष्ठभागाजवळ जडपणाचा मान ४ ला. साडेतीन त्याच्या जवळ, म्हणून साडेतीनचं जड आणि ३ चं हलकं. ३ चं पाणी वर तरंगत राहणार. पण ते कुणी ५०० मीटरवर नेऊन सोडलं, तर तिथे जडपणाचा मान ३ लाच. आता तेच आजूबाजूच्यापेक्षा जड! दोघांची पारडी साडेतीनशे-चारशे मीटरच्या मध्ये कुठेतरी फिरतात. तिथवर कुणी ढकललं की पुढे ते पाणी आपल्याच वजनानं बुडत जातं. ढकलतो वारा. किनाऱ्याला समांतर जोराचा वारा सुटला, की पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी काठाकडे रेटलं जातं, साठतं आणि खाली दाबलं जातं. बर्फ धरण्याआधीच्या वादळी आठवड्यांत हे घडतं. अख्खं सरोवर कधीच उलटत नाही, पण गार, ताजं पाणी ठिकठिकाणी तळापर्यंत उतरतं. म्हणून तळ ४ चा नाही, सव्वातीनचा. आणि म्हणूनच दीड किलोमीटर खालीही ऑक्सिजन आहे, जीव आहेत.

आफ्रिकेतलं टांगानिका सरोवर त्याच्या खालोखाल खोल, १४७० मीटर. ते विषुववृत्ताजवळ, हिवाळा नावापुरता. तिथे दोनेकशे मीटरखाली ऑक्सिजनच नाही. पाण्याचा मोठा हिस्सा माशांना कायमचा बंद. तरी मोसमी वारे दरवर्षी खालचं थोडं खत वर आणतात, त्यावर शेवाळ, त्यावर दगा नावाची चिमुकली मासळी, आणि तिच्या मागे रात्री दिवे लावून निघालेल्या होड्या. वरचं पाणी तापत गेलं तसं झाकण घट्ट होत गेलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरोवराची उत्पादकता सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज होता. पाणी तेवढंच, मासळी कमी.

डिसेंबरात भाचीला पहाटे खडकवासल्याच्या चौपाटीवर नेलं. भज्यांच्या टपऱ्या अजून उघडायच्या होत्या, एकट्या चहावाल्याचा स्टोव्ह फरफरत होता. पाण्यावर वाफेचे पुंजके सरकत होते. ती वाफ म्हणजे धरणातून निसटणारी उष्णता; तिच्या खालची पातळशी साय त्याच क्षणी गार होऊन खाली निघालेली. भाचीनं पाण्यात बोट बुडवून पाहिलं. “कोमट लागतंय,” म्हणाली. बाहेर दहा अंश असताना लागणारच.

ती यंदा दहावीला आहे. बैकलचं सगळं तिला पटलंय. परीक्षेत मात्र ‘४ अंश’ असंच लिही, असं बजावून ठेवलंय.