शस्त्र बाळगण्याचा हक्क (भारत)

अमेरिकेत बंदूक ठेवणं हा संविधानाने दिलेला हक्क आहे, आपल्याकडे तो हक्क नाही, परवाना आहे आणि परवाना म्हणजे सरकारने दिलेली मुभा. शस्त्र हा नागरिकाचा हक्क असावा की नुसता परवाना, हा सगळा वाद इथूनच सुरू होतो. कलम १९ मध्ये शांततेने एकत्र जमायचं स्वातंत्र्य आहे, पण तिथेही 'विनाशस्त्र' अशी अट घातलीय. शिखांची कृपाण तेवढी कलम २५ मध्ये धर्माचा भाग म्हणून मान्य आहे.

मूळ दुखणं १८७८ च्या शस्त्र कायद्याचं. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळातला हा कायदा, भारतीयांना परवाना सक्तीचा आणि युरोपियनांना सूट, म्हणजे आपल्याच देशात आपल्यावर अविश्वास. म्हणून काँग्रेसने वर्षानुवर्षं याविरुद्ध ठराव केले, गांधीजींनीसुद्धा १९१८ मध्ये एका पत्रकात आख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिशांच्या सगळ्यात काळ्या कृत्यांत धरला. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांना धरून शस्त्र बाळगायचा हक्क चक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता.

मग तो संविधानात का नाही आला? डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य हरी विष्णू कामथ यांनी संविधान सभेत तशी दुरुस्ती मांडली होती, कराचीचा हवाला देऊन. बाबासाहेबांनी उत्तर दिलं की काँग्रेसची मागणी परक्या सत्तेच्या काळातली होती, आता हा हक्क सरसकट दिला तर सराईत गुन्हेगारालाही तो द्यावा लागेल, आणि महत्त्वाचं काय तर शस्त्रांवर नियंत्रण. दुरुस्ती पडली. मला विचाराल तर बाबासाहेबांचंच बरोबर होतं, फाळणीचा रक्तपात होऊन तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं.

आत्ता चालतो तो १९५९ चा कायदा, लागू झाला १९६२ पासून. परवाना जिल्हाधिकारी देतात, आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त, वय २१ पूर्ण लागतं आणि पोलीस चौकशी होते. नकार द्यायचा तर कारण लेखी नोंदवावं लागतं, आणि पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून नाकारता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावरच्या बंदुका तीनवरून दोन केल्या (आधी एकच करणार होते, विरोध झाला म्हणून दोन), मुदत तीनची पाच वर्षं झाली आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आली. कर्नाटकातल्या कोडगू (कूर्ग) भागातल्या कोडवा समाजाला ब्रिटिश काळापासून काही बंदुकांसाठी परवान्यातून सूट आहे, २०१९ मध्ये ती दहा वर्षांनी वाढवली आणि कर्नाटक हायकोर्टाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली.

पण खून पाडते ती बहुतेक वेळा परवान्याची बंदूक नसतेच, तो असतो गावठी कट्टा, लोखंडी नळी आणि चाप जोडून बनवलेला, त्याची कुठल्याच कचेरीत नोंद नाही. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये याच बेकायदा हत्यारांची स्वतःहून दखल घेतली आणि आपल्या संविधानात शस्त्राचा मूलभूत हक्क नाही हेही सांगितलं.

याउलट कोकणातला शेतकरी बघा, त्याच्याकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक असते. नळीच्या तोंडातून दारू घालायची, चिंधी कोंबायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं, मग केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) लावायची, एवढं होऊन एकच बार, आणि तोही बऱ्याचदा नुसत्या आवाजासाठी कारण रानडुक्कर परवानगीशिवाय मारता येत नाही. निवडणूक लागली की हीच बंदूक ठाण्यात जमा करायची नोटीस येते. निवडणूक आयोगाचं म्हणणं आहे की छाननी करून ठरवा, सरसकट नको, पण नोटिसा बऱ्याच ठिकाणी सरसकटच निघतात. २०१९ ची विधानसभा ऑक्टोबरात झाली, २०२४ ची नोव्हेंबरात, म्हणजे ऐन भात तयार होतं, कापणी चालते आणि डुकरं रात्री मळ्यात उतरतात तेव्हाच.