पोटातल्या बाळाची सोनोग्राफी: कधी यायचं, काय दिसतं, काय दिसत नाही

आमच्या केंद्रात येणाऱ्या गरोदर ताईंसाठी आणि सोबत येणाऱ्या घरच्यांसाठी

शेवटची पाळी कधी आली होती, असं विचारलं की आमच्याकडे तारीख क्वचितच सांगितली जाते. ‘आखाजीनंतर चार-पाच दिवसांनी’, ‘कानबाईचे रोट झाले त्या आठवड्यात’, ‘कापूस वेचायला जात होते तेव्हा’ अशी उत्तरं येतात. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया आणि रोट म्हणजे श्रावणातला कानबाईचा सण, हे दोन्ही चालतात; कॅलेंडर उघडून दिवस काढता येतो. कापसाची वेचणी मात्र महिनोन्‌महिने चालते, तिथे आमचा हिशेब अडतो. सोनोग्राफीत हा हिशेबच महत्त्वाचा. बाळाचं वजन बरोबर आहे की कमी, हे बाळ किती आठवड्यांचं आहे ते कळल्याशिवाय सांगता येत नाही.

आपण ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतो. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस मोजतात. दोन्ही हिशेब जवळजवळ सारखेच. पण ‘तिसरा लागला’, ‘पाचवा सरत आला’ असं सांगितल्यावर दोन-तीन आठवडे सहज इकडेतिकडे होतात. म्हणून या पत्रकात सगळं आठवड्यांत दिलं आहे.

पहिली तपासणी: ६ ते ९ आठवडे

तारीख आठवत नसेल तर ही तपासणी टाळू नका. या काळात बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून वय ठरवता येतं आणि त्यात सहसा पाच-सात दिवसांपेक्षा जास्त फरक पडत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात पहिल्यांदा आलात तर हाच फरक दोन-तीन आठवड्यांवर जातो. ठोके आहेत का, बाळ एक की जुळी, हेही इथेच कळतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गर्भ पिशवीतच आहे ना, हे पाहणं. तो नळीत रुजला असेल तर नळी फुटून आईच्या जिवावर बेतू शकतं. पाळी चुकली आहे आणि एका बाजूला पोटात जोराने दुखतंय किंवा चक्कर येते, तर नंबर लावून थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

इतक्या लवकर कधीकधी आतून तपासणी करावी लागते. त्याने बाळाला धक्का लागत नाही. तुमची तयारी नसेल तर तसं सांगा, पोटावरून जेवढं दिसेल तेवढं पाहू.

दुसरी: ११ ते १३ आठवडे ६ दिवस

हिला एनटी स्कॅन म्हणतात. बाळाच्या मानेमागे पातळ पाण्याचा थर असतो, त्याची जाडी मोजतात. सोबत रक्ताची डबल मार्कर तपासणी केली की डाऊन सिंड्रोमसारख्या (जन्मतःच बुद्धीची वाढ मंद ठेवणाऱ्या) दोषांची शक्यता कमी की जास्त, एवढं समजतं. ही फक्त शक्यता असते. ‘जास्त’ आली म्हणजे बाळात दोष आहेच असं नाही, त्यापुढे खात्रीच्या तपासण्या असतात. डोक्याची कवटीच तयार न होणं यासारखे काही मोठे दोष मात्र याच वेळी दिसून येतात. चौदा आठवडे पूर्ण झाले की हे माप घेता येत नाही. मग कितीही पैसे द्या, ती तपासणी गेली.

तिसरी: १८ ते २० आठवडे

एकच तपासणी परवडणार असेल तर कोणती, असं काहीजणी मोकळेपणाने विचारतात. आमचं उत्तर: ही. डोकं, पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंडं, पोटाची भिंत, हातपाय, वरचा ओठ हे सगळं एकेक करून पाहिलं जातं. अर्धा-पाऊण तास सहज लागतो. बाळ पाठ करून बसलं तर आम्ही तुम्हाला बाहेर चक्कर मारायला किंवा काही खाऊन यायला सांगतो. आम्ही चुकलो म्हणून नव्हे. बाळ वळेपर्यंत थांबावंच लागतं.

ओठावरून आठवलं. ग्रहणात विळी हातात धरली म्हणून बाळाचा ओठ फाटतो, असं घरात सांगितलं जातं आणि मग सून पुढे वर्षानुवर्षं बोल खाते. फाटलेल्या ओठाचा ग्रहणाशी संबंध नाही. त्यात आनुवंशिकता, काही औषधं, आईचं तंबाखू-बिडीचं व्यसन अशी कारणं असतात, पुष्कळदा नेमकं कारण सापडतही नाही. जन्मानंतर काही महिन्यांत त्याची शस्त्रक्रिया होते. पाठीच्या कण्याचे दोष टाळायला मात्र एक सोपा उपाय आहे: दिवस राहण्याआधीपासून पहिले तीन महिने रोज फॉलिक ॲसिडची गोळी. धाकट्या जावेला, नणंदेला आत्ताच सांगून ठेवा.

ही तपासणी २० आठवड्यांच्या आत व्हावी असा आमचा आग्रह असतो, कारण दोष सापडला तर पुढच्या तपासण्यांना आणि विचार करायला वेळ लागतो. २०२१ च्या सुधारित कायद्याप्रमाणे २० आठवड्यांपर्यंत गर्भपातासाठी एका डॉक्टरचं मत पुरतं. २४ पर्यंत ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठी दोघांचं लागतं. त्यानंतर बाळात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळ निर्णय घेतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती त्यासाठी पुरेशी असते, नवऱ्याची सही लागत नाही.

पुढचे महिने

२८ आठवड्यांनंतर बाळाची वाढ, वार आणि बाळाभोवतीचं पाणी पाहतात. विसाव्या आठवड्यात ‘वार खाली आहे’ असा रिपोर्ट आला तर घाबरू नका, पिशवी वाढते तशी ती बहुतेकदा वर सरकते. ३२ व्या आठवड्यात पुन्हा पाहून घ्या, कारण तेव्हाही ती पिशवीच्या तोंडावरच असेल तर बाळंतपण सिझेरियनने आणि रक्ताची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यातच करावं लागतं.

‘पाणी कमी झालं’ हे एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे रोज ऐकू येतं. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांना टेकतो, एसटीत दोन तास बसून बाई येते, सकाळपासून घोटभर पाणी प्यालेली नसते. अशा वेळी पाणी पाजून, विश्रांती देऊन पुन्हा मोजलं की आकडा सुधारलेला दिसू शकतो. पण अंगावरून पाणी जात असेल, ब्लडप्रेशर वाढलं असेल किंवा बाळाची वाढ खुंटली असेल तर नुसतं पाणी पिऊन भागत नाही. तेव्हा डॉपलर करून नाळेतला आणि बाळाच्या मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह पाहतात. बाळाला आत ठेवायचं की लवकर बाहेर काढायचं, हे ठरवायला तो उपयोगी पडतो.

मानेभोवती नाळेचा वेढा दिसला की घरभर रडारड होते. असा वेढा कितीतरी सुखरूप बाळंतपणांत निघतो. आणि रिपोर्टमधलं वजन हा अंदाज असतो: अडीच किलो लिहिलं तर पाव किलो इकडेतिकडे धरून चाला.

काय दिसत नाही

बाळाला ऐकू येईल का, दिसेल का, बुद्धी कशी असेल, हे सोनोग्राफीत कळत नाही. हृदयातलं बारीक छिद्र, टाळूची फट निसटू शकते. आईच्या पोटावर चरबी जास्त असेल तर चित्र आणखी धूसर येतं.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तर अजिबात दिसत नाही. नंदुरबार, धुळे आणि आमच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या भागात, विशेषतः पावरा आणि भिल कुटुंबांत तो बराच आढळतो. त्याची तपासणी रक्तातून होते आणि ती नवरा-बायको दोघांनी करायची असते. दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नाही पण रक्तात त्याचा दोष आहे असे असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. लवकर कळलं तर बाळाची तपासणी पोटात असतानाही करता येते.

‘काय शे?’

मुलगा आहे की मुलगी, हा प्रश्न आमच्याकडे विचारू नका. खुणेने नाही, पेढा-जिलेबीच्या भाषेत नाही, ओळखीने नाही. लिंग तपासणी रोखणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला, देशाचा १९९४ चा. लिंग सांगणाऱ्या डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत कैद होते, दबाव टाकणाऱ्या नातेवाइकांनाही शिक्षा आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे साडेआठशे मुलीही नव्हत्या. या कायद्याप्रमाणे लागणारा एफ फॉर्म भरताना तुम्ही आणि आम्ही दोघंही सही करतो, म्हणून ओळखपत्र लागतं. त्याला त्रास समजू नका.

येताना

या तपासणीत एक्स-रेसारखे किरण नसतात, फक्त आवाजाच्या लहरी असतात, आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या. कारखान्यात धातूतले तडे शोधायला हेच तंत्र वापरत, ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी १९५० च्या दशकात ते पोटाच्या तपासणीसाठी वापरलं. पोटावरचं थंड जेल हवा घालवण्यासाठी असतं, हवेतून या लहरी नीट पुढे जात नाहीत. तरीही हौसेखातर, फोटोसाठी तपासणी करू नये, आम्हीही करत नाही.

पहिल्या तीन महिन्यांत येताना तीन-चार ग्लास पाणी पिऊन, लघवी थांबवून या. नंतर त्याची गरज नाही. उपाशी कधीच येऊ नका. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर सासरच्या गावच्या सगळ्या रिपोर्टची पिशवी सोबत न्या, विशेषतः अगदी पहिला रिपोर्ट. तारीख त्याच्यावरूनच धरतात. खर्च झेपत नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते, तिथे जा. आम्हाला वाईट वाटणार नाही.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं ठणकून डोळ्यांसमोर अंधारी येणं, बाळाची हालचाल एकदम मंदावणं: यांपैकी काहीही झालं तर आमचं केंद्र उघडण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि रात्र असली तरी निघा.