शिवायला टाकण्याआधी एवढं वाचा

नमस्कार. कापड घेऊन येणाऱ्या बऱ्याच ताया, वहिनी आणि काकू माप द्यायच्या आधीच सांगून टाकतात, "मला काही शोभत नाही बघा, साधंच शिवा." हे पत्रक त्यांच्यासाठी. आमच्या अनुभवात न शोभण्याचं कारण अंगात क्वचितच सापडतं. खांदा उतरलेला असतो, लांबी नको तिथे संपलेली असते, नाहीतर कापडच त्या शिवणीला चालणारं नसतं. हे तिन्ही दुरुस्त होतं, आणि त्यासाठी कुणी आधी चार किलो कमी करून यायची गरज नाही.

मोबाइलवर अंगाला फळांची नावं देणारे तक्ते फिरतात: सफरचंद, नासपती वगैरे. आम्ही ते वापरत नाही. एखादीचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली असतो, पाठीला जरा बाक असतो, दंड भरलेला पण मनगट बारीक असतं. हे कुठल्या फळात बसवायचं?

आधी खांदा

बेळगावच्या खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत तयार कुर्ती घेताना आरशात सगळ्यात आधी खांदा बघा. खांद्यावरची बाहीची शिवण बरोबर खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला पाहिजे. ती दंडावर उतरली की बारीक बाईही आडवी दिसते आणि कपडा दुसऱ्याचा मागून आणल्यासारखा वाटतो. कंबर सैल असली तर आम्ही आत घेऊन देतो. लांबी दुमडता येते. पण खांद्यासाठी दोन्ही बाह्या उसवून मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) नव्याने कापावा लागतो, आणि तेवढ्या मजुरीत बरेचदा नवी कुर्ती येते. छातीत ओढत असेल तर मात्र ती तिथेच परत ठेवा. तयार कपड्यांच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, जेमतेम पाव-अर्धा इंच असते, सोडायला काही उरत नाही.

मुंढ्याबद्दल एक गैरसमज आहे. "हात मोकळा हलायला पाहिजे, मुंढा मोठा ठेवा," असं सांगतात. होतं उलटंच. मुंढा खाली उतरला की हात वर करताना सगळा ब्लाउज वर ओढला जातो आणि पोट उघडं पडतं. मुंढा काखेच्या जवळ, पण न काचणारा असला की हात सुटा हलतो. फळ्यावर लिहिणाऱ्या बाईंना आणि खानापूर-बेळगाव बसमध्ये दांडी धरून उभं राहणाऱ्या मुलींना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. ट्रायलला या तेव्हा हात वर करा, पुढे करा, खाली वाका. आरशासमोर ताठ उभं राहून फिटिंग कळत नाही.

कपडा कुठे संपतो

कपडा जिथे संपतो, तिथे बघणाऱ्याची नजर थांबते. कुर्तीची कड बरोबर नितंबाच्या सगळ्यात रुंद भागावर आली की तो भाग आणखी रुंद दिसतो. तीच कुर्ती तीन-चार इंच वर किंवा खाली संपवली की तक्रार मिटते. बाहीचंही तसंच. दंड भरलेला असेल तर अर्धी बाही दंडाच्या जाड भागावर संपवू नका, कोपराच्या थोडी वर किंवा सरळ पाऊण बाही घ्या. बाही घट्ट केल्याने दंड बारीक दिसतो हा समजही चुकीचाच. घट्ट बाहीच्या कडेला वळी पडते आणि लक्ष तिथेच जातं.

उंची कमी असेल तर वरखाली एकाच रंगाच्या छटा ठेवल्याने अंग सलग दिसतं. पिवळी कुर्ती आणि काळी लेगिंग म्हटलं की मधोमध रेघ ओढल्यासारखं होतं. पलाझो आवडत असेल तर कुर्ती आखूड घ्या. लांब कुर्ती आणि घेरदार पलाझो एकत्र आले की उंच बाईसुद्धा त्यात हरवते. कुर्त्याचा बाजूचा कट कंबरेखाली किती अंतरावर सुरू करायचा, हेही आम्हाला सांगा. फार वरून सुरू केला तर बसल्यावर उघडा पडतो, फार खालून केला तर स्कूटरवर पाय टाकताना शिवण फाटते. टेलरला अंदाज असतो, पण तुम्ही दिवसभर काय करता ते त्याला ठाऊक नसतं.

ब्लाउज

फोटो दाखवून "अस्सं" म्हणणं सोपं आहे. पण फोटोतल्या मुलीच्या पाठीमागे चार क्लिपा लावलेल्या असू शकतात, आणि तिला त्या ब्लाउजवर पंगतीत वाढायचं नसतं. म्हणून फोटो जरूर आणा, पण त्यातलं नेमकं काय आवडलं ते सांगा: गळा, बाही की मागची दोरी? ते एक उचलू आणि बाकीचं तुमच्या अंगाप्रमाणे करू.

छाती भरलेली असेल तर चार टक्सचा (आकार देणाऱ्या शिवलेल्या चिमटींचा) ब्लाउज बरेचदा टोकाशी ताणतो. त्यापेक्षा कटोरी किंवा प्रिन्सेस कट घ्या, त्यात आकार जोडशिवणीतच बसवलेला असतो. छाती लहान असेल तर चार टक्स पुरतात, आणि आत कप घालायचा आग्रह आम्ही करणार नाही. कापड धुऊन धुऊन कप वळतात आणि मग पाहवत नाही. मान आखूड असली तर बंद गळा आणि कॉलर टाळा, पुढे थोडा खोल यू किंवा व्ही गळा चांगला दिसतो. मान लांब असेल तर कॉलर तुम्हालाच शोभते, ती जरूर शिवा. खांदे उतरते असणाऱ्यांनी गळा रुंद घेऊ नये. पट्टी खांद्यावरून घसरत राहते आणि लग्नात जेवण सोडून ती सावरण्यातच वेळ जातो. रुंदच गळा हवा असेल तर मागे दोरी बांधून घ्या.

काठ, खण आणि आईची इरकल

साडी अंगाच्या मापाने शिवता येत नाही, म्हणून ती निवडतानाच विचार करावा लागतो. उंची बेताची असेल तर चार बोटांपेक्षा रुंद काठ जपून घ्या. खाली रुंद काठ, पदराला रुंद काठ आणि ब्लाउजच्या बाहीलाही तोच काठ, असे आडवे पट्टे वाढत जातात. बाहीचा काठ कमी केला तरी बरंच साधतं. अंगाने बारीक असाल तर कडक, फुगणारं कापड तुमच्या बाजूने असतं. अंग भरलेलं असेल तर पडणारं, मऊ कापड घ्या. निऱ्या नीट बसतात आणि पोटाजवळ गोळा होत नाही. अर्ध्या तक्रारी तर साडीच्या नसतातच, परकराच्या असतात. नाडीचा घेरदार परकर आणि त्यावर पातळ साडी म्हणजे कंबरेला चुण्यांचा गठ्ठा. कळ्यांचा, कंबरेला सपाट बसणारा परकर एकदा शिवून घ्या, सगळ्या साड्यांना चालतो.

आपल्याकडे इरकल आणि खण घरोघरी. इरकल बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची, खण त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. मराठी घर असो की कन्नड, बेळगावात दोन्ही पेट्यांमधून तीच साडी निघते. जुन्या पद्धतीच्या सुती इरकलीत साडीच्या अंगाचा उभा धागा सुती आणि पदराचा रेशमी असतो. हे दोन्ही धागे विणताना एकमेकांत फासे अडकवून जोडतात, त्याला टोपे तेनी म्हणतात. लाल पदर आणि त्यावर पांढरी, कळसासारखी टोकं ही तिची ओळख. साडी म्हणून ती जवळजवळ सगळ्यांनाच शोभते, कारण सुती अंग फुगत नाही आणि काठ डोळ्यावर येत नाही.

हल्ली आईची किंवा आजीची इरकल आणून "कुर्ता करून द्या" म्हणणाऱ्या मुली वाढल्यात. आम्हाला हे काम आवडतं, पण आधी घरी एक करा. साडी उलगडून खिडकीसमोर धरा आणि घड्यांच्या रेषा बघा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवरच चिरतं. उजेड आरपार दिसत असेल तर तो भाग आम्ही मुंढ्यात किंवा नितंबावर घेणार नाही, कारण ताण तिथेच पडतो. पदर आणि अंग यांचा जोड येतो तो भागही तसाच खालच्या घेरात किंवा बाहीच्या मध्ये ठेवतो. अस्तर सुतीच लावावं लागतं आणि कुर्ता सैल कापावा लागतो. अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यासाठी जुनी इरकल कापायला सांगू नका. साडी धडधाकट असेल तर मात्र आमचा सल्ला तिला कात्री लावू नका असाच आहे, त्यात आमची मजुरी गेली तरी चालेल.

कसुती, म्हणजे हाताने घातलेलं भरतकाम, असलेली साडी असेल तर आणखी जपावं लागतं. ते टाके धागे मोजून आणि गाठ न मारता घातलेले असतात. मधूनच कापलं तर कडेने सुटायला लागतात. म्हणून नक्षी जिथे संपते तिथेच कात्री चालवतो, भले कुर्त्याची लांबी दोन इंच कमी होवो.

खणाचं गणित वेगळं आहे. पारंपरिक खणाचा पन्हा (कापडाची रुंदी) ३० इंचांच्या आसपास असतो, कारण तो चोळीसाठी विणायचे. त्याचा ब्लाउज सहज होतो. पूर्ण कुर्ता हवा असेल तर कापड जास्त लागतं आणि मध्ये जोड येतो. काठ कापडाच्या लांबीनेच धावतो, त्यामुळे पुढे-मागे काठ जुळवायचा तर आणखी कापड. दुकानातून घेण्याआधी आम्हाला विचारलंत तर बरं. भरलेल्या अंगाला संपूर्ण खणाचा ड्रेस जड वाटतो. साधा सुती कुर्ता आणि योकला (छातीवरच्या वरच्या तुकड्याला), बाहीला किंवा खिशाला खण असं केलं की तोच खण उठून दिसतो.

रंग

ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. कापड दाराशी आणा, उजेडात गळ्याजवळ धरा आणि कापडाऐवजी आपल्या चेहऱ्याकडे बघा. चेहरा थकल्यासारखा वाटला तर तो रंग खाली वापरा, सलवारीला किंवा परकराला, आणि वर दुसरा घ्या. सावळ्या बाईने गडद रंग घालू नये, हे कुणी सांगितलं कोण जाणे. गडद हिरवा, मोरपंखी, हळदी पिवळा, डाळिंबी हे सावळ्या रंगावर जसे खुलतात तसे गोऱ्यावर खुलत नाहीत.

पाऊस आणि ऊन

बेळगाव-खानापूरचा पाऊस चार महिने काही वाळू देत नाही. या दिवसांत जाड अस्तर, दुहेरी घेर आणि लोळणारा पलाझो नको. घोट्याच्या वर संपणारी पँट आणि मिश्र धाग्याचं, लवकर वाळणारं कापड घ्या. अथणी, रायबागकडच्या माहेरवाशिणींसाठी सल्ला उलटा: तिकडचं एप्रिल-मेचं ऊन बघता शुद्ध सुती, हलक्या रंगाचं आणि सैल. सुती कापड आम्ही कापण्याआधी पाण्यातून काढतो. मीटरमागे दोन-तीन सेंटिमीटर आटतं, कधी जास्तही. म्हणून हिशेबाला थोडं कापड जादाच आणा.

तुमची आवड

नवं घेण्याआधी कपाट उघडा. गेल्या पावसाळ्यापासून पुन्हा पुन्हा अंगावर आलेले तीन-चार कपडे बाहेर काढा आणि त्यांत काय सारखं आहे ते बघा: गळा, बाही, रंग की खिसा? तीच तुमची आवड. कॉलेजच्या पोरी म्हणतात ती स्टाइल याहून वेगळी नसते. त्यातला एक कपडा माप देताना घेऊन या. खिसा तर सगळ्यांनाच पाहिजे असतो आणि कुणीच आधी सांगत नाही. सांगा, आम्ही लावतो.

पुरुषांसाठी थोडक्यात

शर्टाचाही खांदाच आधी. कॉलरचं बटण लावल्यावर आत एक बोट गेलं पाहिजे. पोट असेल तर पँट पोटाखाली बांधू नका. ती दिवसभर घसरते आणि पोट पुढे लोंबतं. कंबर थोडी वर घेऊन पुढे एक-एक प्लीट टाकली की उद्यमबागमध्ये मशीनवर उभे असा किंवा ऑफिसात बसलेले, दोन्हीकडे बरं पडतं. उभ्या बारीक रेघा सगळ्यांना चालतात. फिट शर्टाची हौस असेल तर बसल्यावर बटणांमध्ये फट पडते का तेवढं बघा.

माप द्यायला येताना

जी अंतर्वस्त्रं त्या कपड्याखाली घालणार तीच घालून या. श्वास रोखू नका, पोट आत घेऊ नका. चप्पलही तीच घाला, कारण कोल्हापुरी आणि टाचेच्या सँडलमध्ये लांबी दोन इंच बदलते. साडीला फॉल लावण्याआधीही हे ठरवा. दहा वर्षांपूर्वीचा ब्लाउज "यावरून घ्या" म्हणून देऊ नका, अंग बदललेलं असतं. वाढत्या वयाच्या मुलींच्या आणि बाळंतपणानंतरच्या ब्लाउजला आम्ही बाजूला दीड इंच माया ठेवतो, खाली दुमडही जास्त. मागाहून सोडून घेता येते.

लग्नाचे कपडे महिनाभर आधी द्या. नवरी मुलीचं वजन लग्नाआधी कमी-जास्त होतं, म्हणून शेवटचं फिटिंग आठवडाभर आधी करतो. तुळशीच्या लग्नानंतर गर्दी असते, त्या दिवसांत तातडीचं काम आम्ही घेत नाही.

पहिली दुरुस्ती मोफत, पावती मात्र आणा. उरलेलं कापड कपड्यासोबत पिशवीत घालून देतो, ते मोजून घ्या. हेच पत्रक कन्नडमध्येही काउंटरवर ठेवलं आहे.