शाडूची मूर्ती तडकतेच?

खासगी शाळांच्या गणपती कार्यशाळेत एक समज पक्का बसलाय: शाडू तडकतोच, म्हणून मुलांना प्लास्टर द्यावं. हे चूक आहे. तडे केवळ मातीच्या जातीमुळे जात नाहीत, मुख्यतः असमान वाळण्यामुळे जातात. पाणी उडताना माती आकसते. पातळ सोंड आधी आकसते, भरीव पोट मागे राहतं आणि सांध्यावर भेग पडते.

उपाय सोपा आहे. माती रात्रभर भिजवून कणकेसारखी मळा, थोडा कापूस मिसळा. वीतभर मूर्ती खालून पोकळ कोरा, जाडी सगळीकडे दोनेक सेंटिमीटर ठेवा. हात, सोंड नुसतं पाणी लावून चिकटवू नका. दोन्ही बाजू ओरखडून मातीची राबडी लावा. मग सावलीत वाळवा. उन्हात किंवा पंख्याखाली घाई केली की तडे आलेच. श्रावणातल्या कोल्हापुरी दमट हवेत आठवडाभर सहज लागतो, त्यामुळे कार्यशाळा चतुर्थीच्या किमान तीन आठवडे आधी घ्या.

प्लास्टर मात्र घट्ट होताना तापतं. जाड थरात मुलांचा हात भाजू शकतो.

शिकवायला शाहूपुरी किंवा गंगावेशीच्या कुंभार गल्लीतल्या कारागिराला बोलवा, रीतसर मानधन देऊन आणि त्यांचा हंगाम तापण्याआधी. विसर्जन शाळेतच बादलीत करा. गाळ पंचगंगेत न टाकता गाळून ठेवला, तर पुढच्या वर्षी तीच माती चालते.