ये- (जुन्या इंग्रजीतील उपसर्ग)

ये- : जुन्या इंग्रजीत (सुमारे पाचवे शतक ते इ. स. ११००) क्रियापदे, नामे व विशेषणे यांना लागणारा, फार वारंवार आढळणारा उपसर्ग. लिहिताना तो ‘गे’ असा लिहीत, पण ‘ए’ स्वरापुढे ‘ग’चा उच्चार ‘य’ होई. त्याच्यावर आघात नसे. त्यामुळे अनुप्रासावर उभ्या असलेल्या त्या काळच्या काव्यातही तो अनुप्रासासाठी धरला जात नसे. आघात नसणे हेच पुढे त्याच्या ऱ्हासाचे मोठे कारण ठरले.

अर्थ : क्रियापदाला लागून हा उपसर्ग क्रिया तडीस गेल्याचे किंवा तिचे फळ हाती आल्याचे सुचवी. ‘फ्रिग्नन’ म्हणजे विचारणे, तर ‘येफ्रिग्नन’ म्हणजे विचारपूस करून माहीत होणे. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजीतील महाकाव्याच्या सुरुवातीला डेन राजांचा पराक्रम आम्ही ऐकून आहोत असे कवी सांगतो, तिथे याच क्रियापदाचे रूप आहे. ‘रीदन’ म्हणजे घोड्यावरून जाणे. ८७८ सालच्या हिवाळ्यात डेन सैन्याने चिपनहॅम हे गाव गाठून वेसेक्सचा (दक्षिण इंग्लंडमधील राज्य) मुलूख घेतला, त्याची नोंद करताना अँग्लो-सॅक्सन बखरकार ‘येरीदन’चे रूप वापरतो; म्हणजे घोडी घालून मुलूख काबीज केला. मराठीत असे काम बरेचदा संयुक्त क्रियापदे करतात. ‘विचारले’ आणि ‘विचारून घेतले’ यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याला ‘ये-’ समजायला जड जात नाही. मात्र प्रत्येक ठिकाणी असा अर्थभेद दाखवता येत नाही. कित्येक क्रियापदांत उपसर्ग असला-नसला तरी अर्थ तोच राहतो. भूतकालवाचक धातुसाधितांना (‘केलेला’, ‘गेलेला’ अशा रूपांना) तो सर्रास लागे. जर्मन आणि डच भाषांत ही पद्धत अजून चालू आहे.

नामांत त्याचा अर्थ ‘सोबत, एकत्र’ असा होई. ‘फारन’ म्हणजे प्रवास करणे, म्हणून ‘येफेरा’ म्हणजे सोबती.

व्युत्पत्ती : मूळ जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, डच इ. भाषांचे कुळ) रूप ‘ग-’. लॅटिन ‘कोम-’ (सह) या उपसर्गाशी त्याचे नाते बऱ्याच काळापासून जोडले जाते, परंतु ध्वनिबदलांच्या दृष्टीने त्यावर मतभेद आहेत. चौथ्या शतकातील गॉथिक (याच कुळातील लुप्त भाषा) बायबलात हा उपसर्ग आणि क्रियापद यांच्यामध्ये इतर शब्द शिरलेले दिसतात. मार्कच्या शुभवर्तमानात येशू आंधळ्याला काही दिसते का असे विचारतो, तिथे ‘ग-उ-ह्व-सेह्वी’ असे रूप आहे. प्रश्नवाचक ‘उ’ आणि ‘काही’ या अर्थाचा ‘ह्व’ मध्येच बसले आहेत. हा उपसर्ग एके काळी सुटा शब्द होता, याचा इतका बोलका पुरावा दुसरा क्वचितच मिळेल.

ऱ्हास : मध्ययुगीन इंग्रजीत ‘ये-’चा ‘इ-’ झाला आणि तोही गळत गेला. उत्तरेकडे तो आधी गेला. तिथे वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून तो आधीच जवळजवळ नाहीसा झालेला होता, हे त्याचे एक कारण मानतात. दक्षिणेत तो टिकून राहिला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या कवीच्या ‘कँटरबरी टेल्स’च्या आरंभी सूर्याने मेष राशीतली अर्धी वाटचाल ‘इरोन’ (धावून पुरी केली) असे येते.

अवशेष : ‘इनफ’मधला ‘इ’, ‘अवेअर’ आणि ‘अफोर्ड’मधला ‘अ’, ‘हँडिवर्क’मधला मधला ‘इ’ ही त्याचीच रूपे. ‘शेरीफ’ हा शब्द ‘शीर-येरेवा’ म्हणजे परगण्याचा कारभारी यावरून आला. मुंबईच्या नगरपालांचे इंग्रजी पदनाम तेच. काही ठिकाणी उपसर्ग गेला, पण त्याने दिलेला अर्थ राहिला. ‘विन्नन’ म्हणजे झगडणे आणि ‘येविन्नन’ म्हणजे झगडून मिळवणे. आजच्या ‘विन’ला उपसर्ग नाही, अर्थ मात्र ‘येविन्नन’चा आहे.

‘खचित’ या अर्थाचा ‘इविस’ पुढे ‘आय विस’ असा फोडून ‘मला ठाऊक आहे’ असा वाचला गेला. शेक्सपिअरवरील १६३० च्या कवितेत मिल्टनने पिरॅमिडला ‘स्टार-इपॉइंटिंग’ (ताऱ्यांकडे रोखलेला) म्हटले. जुन्या व्याकरणात हा ‘इ-’ भूतकालवाचक धातुसाधिताचा, त्याने तो वर्तमानकालवाचकाला लावला. नैर्ऋत्य इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्याच्या बोलीत मात्र तो ‘अ-’ होऊन एकोणिसाव्या शतकातही नांदत होता. विल्यम बार्न्सच्या (१८०१–१८८६) बोलीतील कवितांत तो जागोजाग भेटतो.