जळालेलं ऑइल आधी जायचं कुठे? नागपूरच्या गॅरेजांची पार्श्वभूमी

आजकाल नागपुरात गाडीचं ऑइल बदललं की मेकॅनिक ते काळं ऑइल कोपऱ्यातल्या ड्रममधे ओततो आणि ड्रम भरला की ऑइलवाला येऊन लिटरच्या भावाने घेऊन जातो, आपण लक्षही देत नाही. पण ड्रम भरून विकायची ही पद्धत गल्लोगल्ली पोचायच्या आधी हे ऑइल कुठे जायचं ते माहीत नसेल तर आताचे नियम कशासाठी आले ते कळत नाही, म्हणून जरा मागून सांगतो.

जुन्या काळी हे ऑइल कचरा म्हणून कोणी बघतच नव्हतं, ते कामाचं होतं. आपल्या इकडे घरं कवेलूची, वर लाकडी फाटे, आणि वाळवी तर पाचवीला पुजलेली, मग लाकडाला जळालेल्या ऑइलचा एक हात मारायचा हे ठरलेलंच. शेताच्या कुंपणाचे खांब गाडायच्या आधी बुडाचा भाग ऑइलमधे भिजवायचे. सेंट्रिंगवाले फळ्यांना लावायचे, काँक्रीट चिकटू नये म्हणून, आणि अजूनही लावतात. ट्रकची सर्व्हिसिंग झाली की खालून पाट्यांवर, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांवर, ऑइल-डिझेलचा स्प्रे मारायचा, गंज लागत नाही आणि पाटे कुरकुरत नाहीत, पण त्यातलं किती पाट्यांवर राहायचं आणि किती खालच्या मातीत गळायचं ते अमरावती रोडवरच्या वाडी भागातल्या ट्रकच्या गॅरेजांसमोरची जमीन बघितली असेल त्याला सांगायची गरज नाही. पावसाळ्यात डबक्यात ओतायचे, पाण्यावर तवंग आला की डासांच्या अळ्यांना वर येऊन श्वास घेता येत नाही. आणि खरूज झालेल्या कुत्र्याला पण हेच चोपडायचे, हे मात्र आजही कोणी करत असेल तर हात जोडून सांगतो की बंद करा, कुत्रं अंग चाटतं आणि ते विष सरळ पोटात जातं, जनावरांच्या डॉक्टरकडे खरजेवर चांगली औषधं आहेत.

बाहेरच्या देशात पण वेगळं नव्हतं. 1963 साली अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या मासिकाने वाचकांना सांगितलं होतं की अंगणात खड्डा करा, त्यात बारीक गिट्टी भरा आणि जुनं ऑइल त्यात ओता, जमीन पिऊन घेते. धूळ बसवायला कच्च्या रस्त्यावर ऑइल मारणं तर तिकडे सर्रास होतं, आणि त्यातूनच मिसुरी राज्यातल्या टाइम्स बीच नावाच्या गावाचं वाटोळं झालं. 1970 च्या दशकात तिथल्या रस्त्यांवर जे ऑइल मारलं त्यात केमिकल फॅक्टरीचा डायॉक्सिन नावाच्या जहाल विषाचा कचरा मिसळलेला होता, आणि 1983 मधे सरकारला अख्खं गाव विकत घेऊन रिकामं करावं लागलं.

आता नागपूरपुरतं बोलायचं तर माझ्या मते खरा बदल दुचाकीने आणला आणि याच्यावर फार कमी बोललं जातं. आधी रस्त्यावर लूना, स्कूटर, राजदूत, सगळ्या टू-स्ट्रोक. त्यात ऑइल पेट्रोलमधेच मिसळायचं, ते जळून सायलेन्सरमधून धूर होऊन जायचं, म्हणजे हवेचं वाटोळं व्हायचं पण इंजिनातून काढायला ऑइल उरतच नव्हतं, फक्त गिअर ऑइल तेवढं थोडंसं. 1985 मधे हिरो होंडाची सीडी 100 आली आणि मग हळूहळू फोर-स्ट्रोकचा जमाना आला, धूर कमी झाला, अॅव्हरेज वाढलं, पण प्रत्येक गाडीमागे दर काही हजार किलोमीटरला जवळपास लिटरभर काळं ऑइल निघायला लागलं. एका गाडीचं एक लिटर काहीच वाटत नाही हो, पण आपलं शहर दुचाकीवरच चालतं आणि गल्लीच्या तोंडाशी मेकॅनिक बसलेला, त्याच्याकडे ना फरशी ना ड्रम. चेंबरचा नट खोलला, खाली घमेलं नाहीतर कापलेला डबा लावला, आणि भरलं की बाजूच्या नालीत. एवढं ऑइल कुंपणाला आणि फाट्यांना लावून संपणारं नव्हतंच, आणि तोवर घरं पण स्लॅबची झाली होती.

नालीत गेलेलं ऑइल नाल्यात, नाल्यातून नाग नदी नाहीतर पिवळी नदी, तिथून कन्हान, मग वैनगंगा आणि गोसीखुर्द. जे मातीत ओतलं त्याचंही तेच, आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर फाटते आणि त्या भेगांतून ऑइल सरळ खाली उतरतं. महालासारख्या जुन्या वस्त्यांत वाड्यावाड्यांत विहिरी होत्या हे विसरू नका. ऑइलमधे नुसतं तेल नसतं, इंजिनाच्या झिजेचे धातू असतात, अर्धवट जळलेल्या इंधनाचे कॅन्सर करणारे घटक असतात, आणि 2000 सालापर्यंत देशात शिशाचं पेट्रोल मिळत होतं त्यामुळे त्या काळच्या ऑइलमधे शिसं पण भरपूर असायचं.

मग विकणं सुरू झालं, पण पर्यावरणासाठी नाही, पैशासाठी. वीटभट्ट्या आणि छोटे कारखाने हे ऑइल स्वस्त इंधन म्हणून जाळायचे, जाळलं की त्यातले धातू धुराड्यातून बाहेर. काही जण ॲसिड आणि मुलतानीसारखी माती टाकून साफ करायचे, ऑइल बऱ्यापैकी निघायचं पण मागे ॲसिडचा चिकट गाळ उरायचा आणि तो पुन्हा कुठेतरी उघड्यावर. खरं म्हणजे ऑइल स्वतः फारसं खराब होत नाही, त्यात कंपनीने मिसळलेली ॲडिटिव्ह, म्हणजे गुण वाढवणारी केमिकलं, संपतात आणि काजळी, पाणी, पेट्रोल त्यात उतरतं, म्हणून व्हॅक्युम डिस्टिलेशनने, म्हणजे हवेचा दाब कमी करून ऑइलची वाफ वेगळी काढून, ते काढून टाकलं की चांगलं बेस ऑइल, म्हणजे ज्यापासून नवीन ऑइल बनतं ते मूळ तेल, परत मिळतं. म्हणूनच सरकारने ॲसिडची पद्धत मागे टाकून याच्यावर भर दिला. 1989 चे घातक कचऱ्याचे नियम, मग 2008 आणि 2016 चे, यात वापरलेलं ऑइल अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं हे पक्कं झालं, आणि 2023 च्या दुरुस्तीने 1 एप्रिल 2024 पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच जुनं ऑइल रिसायकल करून घ्यायची जबाबदारी टाकली, हे मला सगळ्यात महत्त्वाचं पाऊल वाटतं.

मोठ्या सर्व्हिस सेंटरला हे जमून राहिलं, त्यांच्याकडे रजिस्टर असतं, टँकर येतो. गल्लीतला मेकॅनिक मात्र अजून कबाड्याच्याच भरवशावर आहे, आणि तो पुढे कोणाला देतो ते मेकॅनिकला पण सांगता येत नाही. त्यातलंच काही गाळून, रंग-बिंग टाकून नामांकित कंपनीच्या डब्यात भरून पुन्हा आपल्यालाच विकलं जातं, म्हणून नवीन ऑइल टाकून झालं की रिकाम्या डब्याला स्क्रू-ड्रायव्हरने दोन-तीन भोकं पाडून घ्या, चांगला मेकॅनिक स्वतःहून पाडतो, आणि जुनं ऑइल ड्रममधे टाकताना त्यात कूलंट, थिनर काही मिसळू देऊ नका, मिसळलं की रिसायकलर ते घेत नाही.